अनोळखी सरकारी जंगलात रानटी टर्कीची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा नोकरीनिमित्त आलेल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना वसंतातल्या टर्कीच्या शिकारीबद्दल कुतूहल असतं. पण स्वतःची जमीन नाही, ओळखीचा शेतकरी नाही आणि जंगल पूर्ण परकं, म्हणून पाऊल पुढे पडत नाही. त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरण म्हणून मिझुरी राज्याच्या दक्षिणेतले ओझार्क डोंगर आणि तिथलं मार्क ट्वेन राष्ट्रीय वन धरलं आहे. सेंट लुईस, कॅन्सस सिटी किंवा शिकागोहून गाडीने जाता येतं आणि सुमारे १५ लाख एकरांचं हे जंगल सर्वांसाठी खुलं आहे. दुसऱ्या राज्यात नियम बदलतील, पक्ष्याचा स्वभाव फारसा बदलणार नाही.

भारतात शिकारीवर बंदी आहे. मग इथे ती योग्य कशी?

हा प्रश्न घरातूनच येतो, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा तिथल्या प्राण्यांची अवस्था बिकट होती. बंदी आवश्यक होती आणि आजही आहे. अमेरिकेतही टर्कीची अवस्था एके काळी तशीच होती. जंगलतोड आणि बेसुमार, बाजारासाठी केलेली शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांतून हा पक्षी नाहीसा झाला. मिझुरीत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच हजारांहूनही कमी टर्की उरले होते.

मग ते परत आले कसे? आधी पाळीव टर्की जंगलात सोडून पाहिले, ते जगले नाहीत. त्यानंतर रानातलेच पक्षी जाळ्याने पकडून रिकाम्या जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली. मिझुरीत हे काम १९५४ पासून पेक रँच या राखीव क्षेत्रातून चाललं. १९६० साली राज्याने पहिला आधुनिक वसंत हंगाम उघडला, तोही फक्त १४ काउंट्यांत आणि तीन दिवसांचा. त्यात ९४ नर मिळाले. पुढे मिझुरीकडे इतके पक्षी झाले की केंटकीला टर्की देऊन बदल्यात पाणमांजरं घेतली गेली. या सगळ्याचा खर्च मुख्यतः शिकाऱ्यांच्या लायसन्स फीतून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका-काडतुसांवर लागणाऱ्या करातून झाला.

वसंतात फक्त दाढीवाला (छातीवर केसांसारखा झुपका असलेला) पक्षी मारायची परवानगी असते, म्हणजे बहुतेक नरच. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि अंडी-पिल्लं मादी एकटी सांभाळते, त्यामुळे काही नर कमी झाल्याने पुढची पिढी थांबत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत मध्यपश्चिम आणि आग्नेय भागांत पिल्लं जगण्याचं प्रमाण घटलं आहे आणि टर्की कमी झाले आहेत. म्हणून ठरलेल्या मर्यादेत राहणं एवढंच पुरेसं नाही, हात राखून शिकार करावी असं माझं ठाम मत आहे.

मी एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर आहे. मला बंदूक हातात घेता येते का?

हा भाग दोनदा वाचा. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. काही अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद असा, की अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं वैध शिकार लायसन्स तुमच्याजवळ असेल तर ही मनाई लागू होत नाही. लायसन्सची मुदत संपली की सवलतही संपली. "रेंजवर मित्राची बंदूक नुसती चालवून पाहतो" हेसुद्धा याच मनाईत येतं. तेव्हा आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. हा क्रम चुकला तर गोष्ट फौजदारी गुन्ह्यापर्यंत आणि व्हिसापर्यंत जाते.

ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. राज्यांचे वेगळे कायदे मात्र सर्वांना लागू असतात. उदाहरणार्थ, इलिनॉयमध्ये राहणाऱ्याला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला एफओआयडी कार्ड (राज्याचं बंदूकधारक ओळखपत्र) लागतं. मनात शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारून लेखी उत्तर घ्या. ज्यांना बंदुकीच्या भानगडीत पडायचंच नाही त्यांना धनुष्यबाण किंवा क्रॉसबो हा मार्ग आहे. मिझुरीत टर्कीसाठी दोन्ही चालतात, पण कठीण आहेत.

कागदपत्रं काय लागतात?

राज्याचं टर्की परमिट. राष्ट्रीय वनात शिरायला वेगळी फी नाही, पण जंगल केंद्राचं असलं तरी शिकारीचे नियम राज्याचेच. मिझुरीत १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन कोर्स पूर्ण करावा लागतो. दुसऱ्या राज्यातलं प्रमाणपत्र चालतं.

हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो. सरकारी जमिनीवर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी एकपर्यंत. पहिल्या आठवड्यात एकापेक्षा जास्त पक्षी मारता येत नाही. आमिष म्हणून दाणे टाकणं आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं, दोन्ही बेकायदेशीर. राज्याची नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने येते आणि दरवर्षी काहीतरी बदलतं, म्हणून त्या वर्षीचीच पुस्तिका वाचा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

१५ लाख एकर! सुरुवात कुठून करायची?

इथेच बहुतेक जण गडबडतात. नकाशावर वीस ठिकाणी खुणा करतात, तीन दिवस गाडीतून इकडून तिकडे फिरतात आणि एकही जागा धड न पाहता परत येतात. माझा सल्ला एकच: दोन-तीन चौरस मैलांचा एक तुकडा निवडा आणि तो पायाखाली घाला. जवळच दुसरा एक तुकडा राखीव ठेवा. अनोळखी जंगलात टर्की त्यालाच मिळतो ज्याला एक खोरं पूर्ण ओळखीचं झालेलं असतं.

तुकडा निवडायचं काम हिवाळ्यात घरी बसून होतं. सह्याद्रीत भटकलेल्यांना इथे फार उपयोग होतो, कारण समोच्च रेषा वाचायची सवय असते. धार, सोंड, खिंड, पठार, ओढा हे सगळं इथेही आहे, फक्त उंची कमी. ओझार्कमध्ये माथा ते ओढा हे अंतर साधारण दोनशे-तीनशे फूट. या गोष्टी शोधा:

- धारेवरून जाणारा जुना लाकूडतोडीचा रस्ता, जो आता गेट लावून बंद केला आहे. टर्कीला चालायला असा मोकळा, सपाट मार्ग आवडतो आणि तुम्हालाही अंधारात तो बरा पडतो.
- ग्लेड, म्हणजे दक्षिणेकडच्या उतारावरचे खडकाळ, गवताळ मोकळे पट्टे. उपग्रहाच्या चित्रात फिकट डाग दिसतात. नर पिसारा फुलवायला अशा ठिकाणी येतात.
- वनखात्याने नुकतंच मुद्दाम जाळलेलं रान. काळ्या जमिनीतून कोवळं हिरवं वर येतं, किडे उघड्यावर येतात आणि टर्की तिथे जमतात. जाळलेल्या जागा कुठल्या हे रेंजर कार्यालयात फोन करून विचारा, ते सांगतात.
- ओढ्याकाठची मोठी झाडं, विशेषतः सिकामोर, आणि उतारावरचे मोठे पाइन. रात्री पक्षी अशा झाडांवर बसतात.

वनखात्याचा मोटार वाहन नकाशा फुकट मिळतो. कोणत्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे ते त्यावर असतं. परवानगीच्या रस्त्यापासून सरळ मैलभर आत, मध्ये एखादा ओढा किंवा चढ, असा तुकडा मिळाला तर गर्दी बरीच गळते. बहुतेक माणसं गेटपासून अर्ध्या मैलाच्या आत बसतात. आयरिश विल्डरनेस किंवा हर्क्युलिस ग्लेड्स यांसारख्या विल्डरनेस (अस्पर्श राखलेल्या) क्षेत्रांत तर सायकल किंवा चाकाची ढकलगाडीही नेता येत नाही. जे काही आणायचं ते पाठीवर. तिथे शांतता मिळते, पण पहिल्याच वर्षी तिकडे जायची घाई करू नका.

प्रत्यक्ष पाहणीत काय बघायचं?

हंगामाच्या आधी एक शनिवार-रविवार तरी जा. ते जमत नसेल तर हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा आणि अंधार पडेपर्यंत चाला.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे उकरलेला पाला. अंगणात कोंबड्या उकरतात तसंच, पण ताटाएवढ्या जागेत आणि एकामागोमाग एक. पाला ज्या बाजूला फेकला गेला आहे त्याच्या उलट दिशेने थवा पुढे सरकलेला असतो. उकरलेल्या जागी बोट लावा. माती ओलसर, काळी आणि उघड्या मुळ्या पांढऱ्या असतील तर काम ताजं आहे. माती सुकून फिकी पडली असेल आणि वर एखादं नवं पान पडलं असेल तर जुनं.

विष्ठेवरून नर-मादीही कळतात. नराची लांबट, एका टोकाला इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली. मादीची गोळा झालेली, पेडासारखी. छातीचं पीस सापडलं तर त्याचं टोक पाहा. नराचं काळं, मादीचं तपकिरी-बदामी. धुळीच्या रस्त्यावर तीन बोटांचा मोठा ठसा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा दिसल्या तर थांबाच. नर पिसारा फुलवून चालताना पंखांची टोकं जमिनीवर घासत नेतो, त्या या रेघा. त्याच जागी तो उद्याही येण्याची शक्यता मोठी.

संध्याकाळी सूर्य मावळताना उंच धारेवर उभं राहून कानोसा घ्या. घुबडाच्या किंवा कावळ्याच्या आवाजाला नर अनेकदा दचकून उत्तर देतो, "गॉबल-ऑबल-ऑबल". झाडावर चढताना पंखांची जड फडफडही शांत संध्याकाळी दूरवर ऐकू येते. झाड कळलं की जवळ न जाता मागे फिरा. पाहणी करताना टर्कीच्या मादीचा आवाज काढून पक्ष्याला बोलतं करायचा मोह आवरा. हंगामाआधीच नकली आवाजाला फसलेला नर नंतर शहाणा होतो.

सरकारी जमीन कुठे संपते आणि खासगी कुठे सुरू होते?

राष्ट्रीय वनात मध्येमध्ये खासगी जमिनीचे तुकडे आहेत आणि कुंपण असेलच असं नाही. मिझुरीत झाडाच्या खोडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर त्याचा कायदेशीर अर्थ "प्रवेश बंद" असा आहे. पाटीची गरज नाही. नव्या माणसाला हे माहीत नसतं आणि पहाटेच्या अंधारात तो रंग दिसतही नाही. म्हणून मालकीच्या सीमा दाखवणारं ऑनएक्स किंवा हंटस्टँडसारखं ॲप फोनमध्ये घ्या आणि त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करा. ओझार्कच्या खोऱ्यांत मोबाईलला सिग्नल नसतो असं समजूनच चला. कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत हवंच.

आणखी एक नियम: राष्ट्रीय वनात घर, इमारत, कॅम्पची जागा यांच्यापासून १५० यार्डांच्या आत किंवा रस्त्याच्या, पाण्याच्या आरपार गोळी झाडता येत नाही.

पहिल्या सकाळी नेमकं करायचं काय?

सूर्योदयाच्या दीड तास आधी गाडी लावा. एप्रिलअखेर ओझार्कमध्ये सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो, म्हणजे पाचला गाडीतून उतरायचं. चांदणं असेल तर टॉर्चशिवाय चाला, नसेल तर लाल उजेड वापरा. पाला वाळलेला असेल तर पावलाखाली मोठा आवाज होतो. जुन्या रस्त्यावरून गेल्यास हा त्रास वाचतो.

ज्या झाडावर नर बसला आहे त्याच्यापासून शंभर-दीडशे यार्डांवर थांबा. जंगल अजून पालवलेलं नसेल तर जास्त लांब, दाट असेल तर थोडं जवळ. शक्यतो त्याच्याच पातळीवर किंवा थोडं वर बसा. खालच्या बाजूला उतरून यायला हा पक्षी कचरतो. तुमच्या आणि त्याच्या मध्ये ओढा, कुंपण किंवा पडलेलं मोठं झाड नको. हे अडथळे तो सहज ओलांडू शकतो, पण प्रेमात पडलेला असला तरी बऱ्याचदा पलीकडेच थांबून राहतो.

आपल्या खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ टेकवून बसा. गुडघा वर, त्यावर बंदूक, डावा खांदा पक्ष्याच्या दिशेला (डावखुऱ्यांनी उलट). टर्कीला वास जवळजवळ येत नाही, तेव्हा वाऱ्याची चिंता नको. पण त्याची नजर भयंकर आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला भोवतालचं बहुतेक सगळं दिसतं. चेहरा आणि हात झाकलेले हवेत. तो मोठ्या झाडामागे गेला किंवा पिसारा फुलवून पाठमोरा झाला, तेवढ्या क्षणातच हलायचं.

तांबडं फुटतं तसा आधी एखादा कार्डिनल बोलतो, मग व्हिपूरविल या रातपक्ष्याचा आवाज थांबतो, आणि मग कधीतरी डोक्यावरच्या धारेवरून पहिला गॉबल येतो. छातीत धस्स होतं. इथे संयम लागतो. झाडावर असताना त्याला मादीचा एखाद-दुसरा हलका आवाज द्या, एवढंच. फार बोललात तर तो झाडावरच बसून मादी आपल्याकडे येण्याची वाट पाहतो. कारण निसर्गाची रीत तशीच आहे: नर बोलावतो आणि मादी जाते. आपण त्याच्याकडून उलटं करवून घेत असतो.

खाली उतरल्याचा पंखांचा आवाज आला की थोडं जास्त बोला. त्याने उत्तर दिलं आणि पुढचं उत्तर आधीपेक्षा जवळून आलं, तर गप्प बसा. आवाज बंद झाला म्हणजे तो गेला असं समजू नका. बरेच नर शेवटचे शंभर यार्ड मुकाट्याने येतात. कान देऊन ऐकलं तर पाल्यातली चाल कळते. खार टुणटुण उड्या मारते, टर्की माणसासारखी सावकाश पावलं टाकतो. जवळ असेल तर छातीतून येणारा एक खोल "फ्फट्... डुम्म" असा घुमारा ऐकू येतो. ऐकू येण्यापेक्षा तो जाणवतो जास्त. तो ऐकल्यावर पापणीसुद्धा जपून हलवा.

सकाळी सगळं शांत असेल तर?

पावसाळी, वादळी किंवा अति गर्दीच्या दिवशी असं होतं. किंवा नराजवळ माद्या असतात आणि त्याला तुमची गरज नसते. परत गाडीकडे जाऊ नका. साडेनऊ-दहानंतर माद्या अंडी घालायला घरट्यांकडे निघून जातात आणि एकटा पडलेला नर दुसरी मादी शोधायला लागतो. नेमकं तेव्हा बहुतेक शिकारी नाश्त्याला गेलेले असतात. दहा ते एक हा सरकारी जंगलातला माझ्या मते सर्वांत चांगला काळ आहे, आणि नव्या माणसाच्या हातात खऱ्या अर्थाने तोच असतो. ताजं उकरलेलं जिथे दिसलं होतं तिथे बसा, पंधरा-वीस मिनिटांनी हलकेच एकदा आवाज द्या, आणि कमीत कमी तासभर हलू नका.

कोणता कॉल शिकावा?

कॉल म्हणजे मादीचा आवाज काढायचं साधन. बॉक्स कॉल सगळ्यात सोपा. लाकडी पेटीवर झाकण घासायचं. स्लेटच्या चकतीवर काडी घासून निघणारा आवाज जास्त गोड आणि हलका असतो, पण त्याला दोन्ही हात गुंततात. तोंडात ठेवायचा डायफ्राम हात मोकळे ठेवतो, मात्र शिकायला महिने लागतात. पहिल्या वर्षी येल्प (मादीची लयीत येणारी हाक) आणि क्लक (एकच तुटक आवाज) हे दोनच आवाज नीट काढता आले तरी पुरे. सुरापेक्षा लय महत्त्वाची. खऱ्या माद्यांची रेकॉर्डिंग्ज घरी ऐका आणि त्यांच्या मधल्या जागा लक्षात घ्या. नराचा गॉबल काढणारा कॉल सरकारी जमिनीवर अजिबात वापरू नका. त्या आवाजाच्या दिशेने दुसरा शिकारी येऊ शकतो.

बंदूक आणि काडतूस?

बारा किंवा वीस बोअरची शॉटगन, फुल किंवा टर्की चोक (छर्रे एकत्र ठेवणारं नळीचं अरुंद टोक). मिझुरीत ४ नंबरपेक्षा जाड छर्रे चालत नाहीत, आणि काही राज्य संवर्धन क्षेत्रांत शिसं वर्ज्य आहे. नेम मान आणि डोक्यावर. छातीत मारलेला पक्षी जखमी होऊन निसटतो आणि झुडपात मरतो. ते होऊ द्यायचं नसेल तर हंगामाआधी कागदावर मारून पाहा. ४० यार्डांवर १० इंचांच्या वर्तुळात साधारण १०० छर्रे लागले पाहिजेत. नाही लागले तर तुमची मर्यादा ३० यार्ड, किंवा २५. बसल्याबरोबर रेंजफाइंडरने तीन-चार झाडांची अंतरं मोजून ठेवा. जंगलात अंतराचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

इतर शिकारी असतील. धोका किती?

सरकारी जमिनीवर टर्कीच्या शिकारीतला खरा धोका दुसरा शिकारी हाच आहे, कारण सगळेच रानात मिसळून जाणारे कपडे घालून लपलेले असतात आणि सगळेच पक्ष्याचा आवाज काढत असतात. हे नियम पाळायचेच:

- लाल, पांढरा, निळा रंग अंगावर कुठेही नको. रुमाल, मोजे, पाण्याची बाटली, गंजीफ्रॉकची कॉलरसुद्धा. हे तिन्ही नराच्या डोक्याचे रंग आहेत.
- गॉबल ऐकला म्हणून त्याच्यावर दबक्या पावलांनी चालून जायचं नाही. बसायचं आणि बोलवायचं.
- समोर माणूस आला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका. जागेवर बसूनच नेहमीच्या मोठ्या आवाजात बोला: "हे, हंटर हिअर!"
- नकली पक्षी, म्हणजे डिकॉय, मांडला असेल तर त्याच्या पलीकडे तुम्हाला दूरवर दिसायला हवं. तो नेताना पिशवीत झाकून न्या.
- जागा बदलताना आणि पक्षी घेऊन येताना केशरी कापड वापरा.
- पूर्ण पक्षी, दाढीसकट, दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये. आवाजावर, हालचालीवर, रंगाच्या ठिपक्यावर कधीही नाही.

गेटवर आधीच कुणाची गाडी असेल तर दुसऱ्या तुकड्याकडे जा. राखीव तुकडा यासाठीच ठेवायचा. कायद्याने तुम्हालाही तिथे जाता येतं, पण आधी आलेल्याची सकाळ त्याची. दुसरा कुणी एखाद्या नराशी बोलत असेल तर मध्ये घुसू नका. आपण या भागात पाहुणे आहोत. पेट्रोल पंपावर, गावातल्या डायनरमध्ये मोकळेपणाने बोला. ओझार्कमधली माणसं सुरुवातीला मोजकं बोलतात, पण नीट विचारलं तर पूर आलेला ओढा आणि खचलेला रस्ता हमखास सांगतात.

गोचिड्या, साप, हवामान?

सापांची भीती सगळ्यांना वाटते. कॉपरहेड आणि टिंबर रॅटलस्नेक इथे आहेत, बसण्याआधी खोडाभोवती नजर टाका, बस्स. खरी काळजी गोचिड्यांची. लोन स्टार नावाची गोचीड या भागात मुबलक आहे. तिच्या चाव्याने काही जणांना अल्फा-गॅल ही ॲलर्जी जडते. मग मटण, बीफ, पोर्क खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात दुखतं, कधी श्वास अडकण्यापर्यंत मजल जाते. चिकन आणि टर्की चालतात. मटणाच्या रश्श्यावर जीव असलेल्या माणसाने हे हलक्यात घेऊ नये. कपड्यांवर ०.५ टक्क्याचं परमेथ्रिन आदल्या दिवशी फवारून वाळवा, पँट मोज्यात खोचा, आणि रात्री काख, कंबर, गुडघ्यामागची जागा आरशात तपासा. चावलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. नंतर ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

एप्रिलमध्ये पहाटे गारठा आणि दुपारी उकाडा. गडगडाटी वादळं याच महिन्यात येतात आणि ओढ्यावरचे सखल पूल तासाभरात पाण्याखाली जातात. पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका.

मुलांना नेता येईल का?

हो. मिझुरीत मुख्य हंगामाआधी ६ ते १५ वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र शनिवार-रविवार असतो. मुलाला तासभर स्थिर बसता येतं का ते आधी पाहा. ऐकायला, पाहायला नुसतं सोबत नेलं तरी चालतं.

सोबत कुणी जाणकार नसेल तर कुणाला विचारायचं?

मिझुरीच्या प्रत्येक काउंटीसाठी राज्याचा कॉन्झर्वेशन एजंट असतो आणि राष्ट्रीय वनाची रेंजर कार्यालयं आहेत. मुख्य कार्यालय रोला इथे. "टर्की कुठे आहेत?" असं विचारलंत तर "सगळीकडे" असं उत्तर मिळेल. त्याऐवजी "या वसंतात कुठे जाळलं? हा रस्ता गेटपर्यंत उघडा आहे का? या खोऱ्यात गर्दी असते का?" असं विचारा. पैसे घेणारा गाइड घ्यायचा असेल तर त्याच्याकडे वनखात्याचा परवाना आहे का ते तपासा. राष्ट्रीय वनात धंदा म्हणून गाइड करायला तो लागतो.

पक्षी मिळाला. पुढे?

गोळी लागली तरी बंदूक सेफ करून मगच जवळ जा. पाय झाडणाऱ्या पक्ष्याच्या पायाची अणकुची हात फाडते, म्हणून आधी मानेवर बूट. मग थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. छातीची पिसं उन्हात तांब्यासारखी, हिरवी, जांभळी चमकतात. ते पाहायला घाई नको. अणकुची एक इंच किंवा जास्त असेल तर पक्षी दोन वर्षांहून मोठा असण्याची शक्यता आहे. पिसाऱ्यातली मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब असतील तर तो वर्षाचा जेक, म्हणजे कोवळा नर.

परमिटवर लगेच खूण करा आणि त्याच दिवशी रात्री दहाच्या आत टेलिचेकला (शिकार नोंदवायची राज्याची व्यवस्था) नोंद करा. सिग्नलसाठी गावापर्यंत जावं लागतं, तो वेळ धरा. दिवस तापलेला असेल तर पोट लगेच साफ करून पक्षी बर्फाच्या पेटीत ठेवा. रानटी पक्ष्याचं मांस विकता येत नाही, वाटता येतं.

शिजवायचं कसं?

दुकानातल्या टर्कीसारखा अख्खा भाजू नका. रानात चाललेला पक्षी आहे, चरबी जवळजवळ नाही. छातीचं मांस आडवं पातळ कापून दही, आलं-लसूण, हळद लावून रात्रभर ठेवा आणि तव्यावर झटपट परता. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की उतरवा, त्यापुढे ते कोरडं पडतं.

बरेच जण पाय टाकून देतात. फार वाईट वाटतं ते पाहून. तंगड्या आणि मांड्या हाडासकट कुकरमध्ये घाला, मीठ-हळद-पाणी, मंद आचेवर पाऊण तास ते तास. मांस सुटलं की कडक सुया उचलून काढा. टर्कीच्या तंगडीतल्या शिरा हाडासारख्या टणक असतात आणि दातात रुततात. मग त्याच अळणी पाण्यात खोबरं-कांदा भाजून केलेलं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालून रस्सा करा. पहिला वाडगा अळणीच प्या, लिंबू पिळून.